४केचे गेमिंग आणि रात्रीची शांतता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन अंकांनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीविषयी होती. गेमिंगसाठी ताकदवान संगणक हवा, मॉनिटर ४के आहे किंवा घ्यायचा आहे, पण घर लहान असल्यामुळे संगणकाची घरघर कोणालाही नको आहे. त्यामुळे या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे. मी रात्री दहानंतर खेळतो आणि त्याच खोलीत माझी दीड वर्षाची मुलगी झोपलेली असते. २७ इंची ४के मॉनिटर आधीच घेतला आहे. बाकी संगणकासाठी सव्वादोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदाराने सर्वांत वरच्या श्रेणीतला प्रोसेसर, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, पुढून सबंध काच असलेले कॅबिनेट, त्यात रंगीत दिव्यांचे नऊ पंखे आणि उरलेल्या पैशांत बसेल ते १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड अशी यादी दिली आहे. "लिक्विड कूलर आहे, आवाज येणारच नाही," असे ते म्हणतात. ही यादी योग्य आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. आपल्याला या यादीची उतरंड उलटी करावी लागेल. दुकानदारांनी प्रोसेसरपासून सुरुवात करून कार्डाला उरलेसुरले पैसे दिले आहेत, आणि ४केसाठी नेमके याच्या उलट करायला हवे.

४केचा पडदा ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदूंचा असतो. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर हेच बिंदू जेमतेम २१ लाख भरतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक उमटणारी ६० चित्रे, हव्या असतील, तर ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बिंदू रंगवावे लागतात. प्रोसेसरचे काम मात्र बिंदूंच्या संख्येने फारसे वाढत नाही, कारण शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कोणती वस्तू दृश्यात आहे हे त्याने दर फ्रेमला एकदाच ठरवायचे असते, मग पडदा लहान असो की मोठा. म्हणूनच ४केवर बहुतेक खेळांत प्रोसेसर कार्डाची वाट पाहत बसलेला असतो, आणि तिथे ओतलेले जादा पैसे पडद्यावर दिसत नाहीत.

तेव्हा एकूण रकमेचा निम्म्याच्या आसपासचा वाटा कार्डावर जाऊ द्यावा. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेली एनव्हिडियाची आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीची आरएक्स ९०७० एक्सटी ही आपल्या कामाची दोन कार्डे आहेत. दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे आणि दोन्हींची वीज ३०० वॅटच्या आसपास आहे. आताच्या मोठ्या खेळांतले तपशीलवार पोत (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) ४केवर पूर्ण उघडले की १२ जीबी कमी पडू लागतात आणि खेळ मध्येच अडखळतो, म्हणून १६ जीबीच्या खाली उतरू नये. आरटीएक्स ५०९० चा मोह कोणी घातला तरी तो टाळावा. त्या कार्डाची वीज ५७५ वॅट आहे, आणि शांततेचा सगळा हिशेब या वॅटपाशीच येऊन थांबतो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीची सगळी निवड यावरच उभी आहे. संगणक जेवढी वीज खातो तेवढी सगळी अखेर उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. ती उष्णता हवेने वाहून न्यावी लागते, हवा पंख्याने ढकलावी लागते आणि आवाज पंख्याचा येतो. लिक्विड कूलर लावल्याने उष्णता कमी होत नाही. ती प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीपर्यंत, नेली जाते एवढेच, आणि रेडिएटरवरही पंखेच असतात. म्हणून आवाज कमी करण्याचे दोनच मार्ग उरतात : मुळात उष्णता कमी निर्माण करणे, आणि निर्माण झालेली उष्णता मोठ्या, संथ पंख्यांनी हलवणे.

संथ पंख्याचा फायदा किती मोठा असतो याची कल्पना फार थोड्या ग्राहकांना असते. पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दुसऱ्या बाजूने, तसाच आणखी एक पंखा शेजारी लावला तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी ६०० फेऱ्यांचे तसेच तीन पंखे लावले, तर हवा दीडपट मिळते आणि आवाज जवळजवळ १० डेसिबलने कमी होतो, जो कानाला साधारण निम्मा वाटतो. यावरून नऊ पंखे तिप्पट चांगले असे मात्र समजू नये. स्वस्त संचांतले रंगीत पंखे बहुधा एकाच वेगाने फिरतात, मदरबोर्डकडून (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या पाटीकडून) त्यांचा वेग कमी करता येत नाही, आणि पुढच्या बाजूला सबंध काच असेल तर आत येण्यासाठी हवेला वाटच उरत नाही.

त्यामुळे कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे. "सायलेंट" असे लिहिलेली, आतून फोम लावलेली बंद कॅबिनेट ३०० वॅटच्या कार्डाबरोबर अनेकदा उलटीच वागतात, कारण आत हवा कोंडते, कार्ड तापते आणि कार्डाचे पंखे जोरात पळू लागतात. जाळीच्या कॅबिनेटमध्ये पुढे १४० मिलिमीटरचे दोन आणि मागे एक, असे चार पिनांचे तीन चांगले पंखे पुरतात. चार पिनांचा आग्रह यासाठी की त्यांचा वेग नेमका ठरवता येतो.

प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी उत्तम आहे. कागदावर तो १२० वॅटचा असला तरी खेळताना बहुधा ५० ते ८० वॅटमध्येच काम भागवतो. शेजारी तुलना म्हणून पाहा : इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. पैसे कमी पडले तर ६५ वॅटचा रायझन ५ ७६०० घ्यावा. ४केवर, ६० ते ९० फ्रेमच्या टप्प्यात, बहुतेक खेळांत आपल्याला फरक कळणारही नाही. अपवाद शहरे वसवण्याच्या आणि मोठ्या युद्धनीतीच्या खेळांचा आहे. तिथे प्रोसेसरवरच भार पडतो, आणि आपण तेच जास्त खेळत असाल तर ७८००एक्स३डी सोडू नये.

उरलेले चटकन सांगतो. रॅम ३२ जीबी, डीडीआर५, ६००० वेगाची, दोन पट्ट्यांत घ्यावी. चार पट्ट्या लावल्या की हा वेग मिळणे कठीण होते. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची साठवण, घ्यावी. फिरती हार्ड डिस्क या संगणकात अजिबात नको, कारण तिची खरखर आणि कॅबिनेटच्या पत्र्याला बसणारा तिचा थरथराट रात्री सगळ्यांत आधी ऐकू येतो. मदरबोर्ड मधल्या श्रेणीचा पुरे आहे. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ८५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा घ्यावा. आपला संगणक खेळताना सुमारे ४५० वॅट घेईल, म्हणजे एसएमपीएस निम्म्या भारावर चालेल आणि त्याचा पंखा अगदी सावकाश फिरेल. कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारे एसएमपीएसही मिळतात, त्यांना प्राधान्य द्यावे.

आता नागपूरविषयी. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कार्डाची स्वतःची वाढ. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ६० अंश दाखवणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, पंख्यांचा वेग तोच ठेवला, तर ७५ च्या आसपास जाईल. घाबरण्याचे कारण नाही, कार्डे तेवढे सोसतात. आणि खरे सांगायचे तर मे महिन्यात डेझर्ट कूलर चालू असताना संगणकाचा आवाज कोणालाच ऐकू येणार नाही. त्या कूलरचा दमट झोत मात्र थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. शांततेची खरी कसोटी दिवाळीनंतर लागते, जेव्हा छताचा पंखाही बंद असतो आणि खोलीत मुलीच्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नसतो. पंख्यांची सेटिंग त्या रात्रींसाठी लावावी.

तीही कशी लावायची ते सांगतो. एकसारखा चालणारा मंद आवाज झोपमोड करत नाही. सतत वर-खाली होणारा आवाज करतो. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) किती तापमानाला पंख्यांचा किती वेग हे ठरवणारा आलेख असतो, त्यात ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवावा आणि तापमान बदलल्यावर वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याचा पर्याय असल्यास तो चालू करावा. कार्डाची वीजमर्यादाही सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांच्या आसपास आणून पाहावी. माझ्या स्वतःच्या कार्डावर असे केल्यावर एका जड खेळात ६२ च्या ५९ फ्रेम झाल्या. त्या तीन फ्रेम मला एकदाही जाणवल्या नाहीत, पंख्यांचा उतरलेला सूर मात्र पहिल्याच रात्री घरच्यांनी ओळखला.

शेवटी एक सोय. खेळाच्या सेटिंगमध्ये डीएलएसएस (एनव्हिडियाचे) किंवा एफएसआर (एएमडीचे) हे चित्र वाढवण्याचे तंत्र "क्वालिटी" वर ठेवले की कार्ड प्रत्यक्षात २५६० गुणिले १४४० चे चित्र काढते आणि ते ४केपर्यंत वाढवून दाखवते. रंगवायचे बिंदू निम्म्याहून कमी होतात. २७ इंची पडद्यावर बिंदू इतके दाट असतात की बसल्या जागेवरून हा फरक शोधावा लागतो. सेकंदाच्या फ्रेम ६० वरच बांधून ठेवल्या तर वाचलेले काम थेट वाचलेल्या विजेत आणि कमी आवाजात उतरते.

प्रश्न : लिक्विड कूलर की हवेचा, याविषयी मित्रांमध्ये एकमत होत नाही. माझा प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी आहे आणि मला फक्त शांतता हवी आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हवेचा. एवढ्या प्रोसेसरसाठी दोन बुरुजांचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) पुरून उरतो. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा २०१४ पासून या वर्गातला मापदंड मानला जातो, आणि थर्मलराइटचे अशाच घडणीचे कूलर बऱ्याच कमी किमतीत जवळपास तेच काम करतात. घेण्यापूर्वी उंची मात्र मोजावी. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि काही अरुंद कॅबिनेटचा दरवाजा त्यावर बसत नाही. रॅमच्या पट्ट्याही बुटक्या घ्याव्यात, उंच पट्ट्या पुढच्या पंख्याखाली अडतात.

लिक्विड कूलरला माझा विरोध नाही. तीनशे वॅटच्या जवळ जाणाऱ्या प्रोसेसरला त्याची गरज पडते. पण त्यात एक पंप असतो आणि तो अखंड चालतो. मी स्वतः दोन वर्षे असा कूलर वापरला. दुसऱ्या पावसाळ्यात त्यात हवेचे बुडबुडे शिरल्यासारखा गुळगुळ आवाज येऊ लागला. संगणक नुसता चालू असताना, काहीच काम नसतानाही तो येई, आणि कागद-पेन घेऊन लिहीत बसलो की डोक्यात तोच घुमायचा. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा केवळ पंखा असतो. तो गेला तर दुसरा आणून अर्ध्या तासात बसवता येतो.

प्रश्न : नवीन कार्ड लावले. पंखे हळू फिरत असतानाही खेळ सुरू झाला की आतून रातकिड्यासारखा किर्र आवाज येतो. कार्ड खराब आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुधा नाही. याला कॉइल व्हाइन म्हणतात. कार्डावर वीज नियमित करणारी छोटी वेटोळी असतात. त्यांतून जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होतो, त्यासरशी वेटोळी सूक्ष्म कंप पावतात आणि तो कंप कानाला ऐकू येण्याच्या पट्ट्यात आला की किर्र वाजते. फ्रेम जितक्या जास्त तितका सूर चढा लागतो. खेळाच्या मेनूमध्ये, जिथे रंगवण्यासारखे काही नसल्याने कार्ड शेकडो फ्रेम काढत सुटते, तिथे तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो यामुळेच.

आधी आवाज नक्की कार्डाचाच आहे ना, हे पाहावे. मी यासाठी जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद घेऊन त्याची हातभर लांब नळी करतो, कॅबिनेटची बाजू उघडतो, नळीचे एक टोक कानाशी धरतो आणि दुसरे एकेका भागाजवळ, त्याला न टेकवता, फिरवतो. एसएमपीएसपाशी एक सूर लागतो, कार्डाच्या मागच्या कडेला दुसरा. पंख्याचा संशय असेल तर कॅबिनेटच्या संथ पंख्याच्या मधल्या गोल चकतीवर बोट अलगद टेकवून तो क्षणभर थांबवावा. आवाज थांबला तर चोर सापडला. पात्यांना हात लावू नये, आणि कार्डाच्या पंख्यांवर हा प्रयोग मुळीच करू नये.

कार्डच निघाले तर पहिला उपाय फुकट आहे : ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) फ्रेमची कमाल संख्या मॉनिटरच्या वेगाइतकी किंवा त्याहून दोन-तीन कमी बांधून टाकावी. त्याखालोखाल वीजमर्यादा थोडी उतरवावी. काही घरांत एसएमपीएस बदलल्यावरही सूर मंदावतो, पण केवळ तेवढ्यासाठी खर्च करावा असे मी म्हणणार नाही. उत्पादक कॉइल व्हाइनला सहसा बिघाड मानत नाहीत, त्यामुळे वॉरंटीत कार्ड बदलून मिळेल या भरवशावर राहू नये. विक्रेत्याची परतीची मुदत शिल्लक असेल, तर आवाजाचा व्हिडिओ आणि बिल घेऊन आजच दुकानात जावे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून असो किंवा घरबसल्या मागवलेले असो, कार्ड आणल्या दिवशीच रात्री, घर निजल्यावर, तासभर चालवून ऐकावे. दुकानातल्या गोंगाटात हा दोष कधीच कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : चालणार नाही. ६०० व्हीएचे यूपीएस सहसा सुमारे ३६० वॅटपर्यंतच भार उचलतात. खेळ चालू असताना वीज गेली, तर आपला संगणक मॉनिटरसह त्याहून जास्त मागेल आणि यूपीएस त्याच क्षणी बंद पडेल. ९०० वॅटच्या आसपासचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा, कारण आजच्या चांगल्या एसएमपीएसना तुटक लाटेची वीज नेहमीच मानवत नाही. या क्षमतेच्या अनेक यूपीएसमध्ये स्वतःचा पंखा असतो आणि तो अखंड घरघरतो. दुकानात मागून घेऊन, चालू करून, कान लावून मगच घ्यावा. संगणक शांत करून शेजारी गोंगाट करणारा यूपीएस ठेवल्याची दोन पत्रे मला याच वर्षी आली आहेत.

प्रश्न : पणजीला समुद्रापासून जवळ राहतो. संगणक पहिले सहा महिने शांत होता, आता पंखे जोरात पळतात. काय बिघडले असावे? (एक वाचक, गोवा)

उत्तर : धूळ. कोरड्या हवेतली धूळ फुंकरीने उडते, दमट हवेतली चिकटून नमद्यासारखी बसते. पुढची जाळी काढून पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच लावावी. हीटसिंकच्या पात्यांवर हवेचा फवारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होते आणि शांत पंखा कायमचा वाजू लागतो. पावसाळ्यात दर महिन्याला आणि एरवी दोन महिन्यांनी एवढे करावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहील असे पंखे लावले, तर फटींतून धूळ ओढली जात नाही.

प्रश्न : हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही आहे. त्याला संगणक जोडून सोफ्यावर बसून खेळायचे आहे. आवाज अजिबात नको असेल तर किती खर्च वाढेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फार वाढू नये, कारण आपल्याकडे अंतर आहे आणि त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे फायदा थोडा कमी होतो, तरीही टेबलावर कानापासून दोन फुटांवर ठेवलेला संगणक आणि दहा फुटांवर टीव्हीमागे ठेवलेला संगणक यांत फार फरक असतो. संगणक टीव्हीच्या बंद कपाटात मात्र कोंबू नये. तिथे तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत घेतो.

४केवर १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रे, हवे असेल तर टीव्ही आणि कार्ड दोन्हींवर एचडीएमआय २.१ असायला हवे, आणि केबल "अल्ट्रा हाय स्पीड" अशी प्रमाणित असावी. साधी तांब्याची केबल तीन ते पाच मीटरपर्यंत भरवशाची असते. संगणक पलीकडच्या खोलीत ठेवून भिंतीतून केबल आणायची असेल, तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते, म्हणून भिंतीत घालण्यापूर्वी टीव्हीचे टोक कोणते हे त्यावर वाचून घ्यावे आणि एकदा बाहेरच जोडून चित्र येते का ते पाहावे. भिंत पुन्हा फोडायला लागलेले एक घर मी पाहिले आहे.